सकाळी सापडणारी पीएसरॅम दुपारी हरवते तेव्हा

ईएसपी३२-एस३ या वायफायवाल्या छोट्या कंट्रोलर चिपचा बोर्ड, त्यावर ८ एमबी जादा मेमरी (हीच पीएसरॅम), जोडीला एक छोटा कॅमेरा, आणि काम एवढंच की मागावर सूत तुटलं तर लगेच कळावं. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आणि पूर्व भागात अशी जोडणी करून बघणारी इंजिनिअरिंगची मुलं आणि तरुण कारखानदार मला अधूनमधून भेटतात. त्यांची तक्रार जवळजवळ त्याच शब्दांत येते: "मेमरी दिसत नाही." किंवा "काल चालत होतं, आज बंद." बोर्ड बदलला जातो, आठवडाभर बरं चालतं, आणि परत तेच.

हे दुखणं परत परत येतं, कारण तक्रार एक असली तरी आजार तीन आहेत आणि तिन्हींवर एकच औषध दिलं जातं. म्हणून बोर्डाला हात लावण्याआधी मी एकच गोष्ट विचारतो: बिघाड नेमका केव्हा होतो? बोर्ड चालू होताक्षणी, प्रोग्रॅमने मोठी जागा मागितल्यावर, की दोन-तीन तास नीट चालून दुपारी? या उत्तरावरच पुढची दिशा ठरते.

आधी ही मेमरी लागते कशाला ते पाहू, कारण बरेच जण गरज नसताना तिच्या मागे लागतात. एस३ चिपमध्ये स्वतःची ५१२ केबी आतली मेमरी (एसरॅम) असते आणि त्यातली बरीचशी वायफाय आणि सिस्टीम खाते. कॅमेऱ्याचं ६४० बाय ४८० चं कच्चं चित्र, दर पिक्सेलला २ बाइट धरले, तर ६,१४,४०० बाइट होतं, म्हणजे बरोबर ६०० केबी. ते आतल्या मेमरीत मावणारच नाही. ३२० बाय २४० चं चित्र मात्र १५० केबीत बसतं. सूत तुटलं की नाही एवढंच बघायचं असेल तर छोटं चित्र पुरतं का ते आधी तपासा. पुरत असेल तर पुढचा सगळा त्रास वाचतो.

चालू होताक्षणी मेमरी सापडत नाही

सगळ्यात जास्त तक्रारी या प्रकारच्या असतात आणि त्यांचं मूळ बहुतेक वेळा सेटिंगमध्ये सापडतं.

बोर्डावर चिप असलेला जो छोटा चौकोनी भाग बसवलेला असतो, त्या मॉड्यूलच्या पत्र्याच्या झाकणावर कोरलेला नंबर वाचा. बोर्ड विकणाऱ्याने जाहिरातीत काय लिहिलं होतं ते बाजूला ठेवा, झाकणावरचा नंबर खरा. एन१६आर८ म्हणजे १६ एमबी फ्लॅश (प्रोग्रॅम साठवायची कायमची मेमरी) आणि ८ एमबी पीएसरॅम. एन८आर२ म्हणजे ८ एमबी फ्लॅश आणि २ एमबी पीएसरॅम. नुसतं एन८ किंवा एन१६ लिहिलं असेल आणि पुढे 'आर' नसेल, तर त्या मॉड्यूलमध्ये पीएसरॅम नाहीच. सेटिंग कितीही बदला, ती उगवणार नाही.

'आर'च्या पुढचा आकडा मेमरी किती आहे ते सांगतो आणि ती कशी जोडलेली आहे तेही सांगतो. आर८ ची मेमरी आठ डेटा लाइनींवर बोलते, तिला ऑक्टल म्हणतात. आर२ ची चार लाइनींवर, ती क्वाड. अर्डुइनो आयडीईत, म्हणजे प्रोग्रॅम लिहून बोर्डावर चढवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, 'टूल्स' मेन्यूत 'पीएसरॅम' नावाची ओळ असते आणि तिथे तीन पर्याय मिळतात: 'डिसेबल्ड', 'क्यूएसपीआय पीएसरॅम' आणि 'ओपीआय पीएसरॅम'. आर८ ला ओपीआय लागतं, आर२ ला क्यूएसपीआय. साधा 'ईएसपी३२एस३ डेव्ह मॉड्यूल' हा बोर्ड निवडला की ही ओळ मुळात 'डिसेबल्ड'वर असते. म्हणजे नवीन माणसाने काहीही न बदलता प्रोग्रॅम चढवला तर मेमरी न दिसणं अगदी स्वाभाविक आहे.

पर्याय उलटा पडला तर सिरियल मॉनिटरवर (बोर्डाचे संदेश दाखवणाऱ्या खिडकीत) 'पीएसरॅम आयडी रीड एरर' येतं आणि पुढे 'चिप नॉट फाउंड ऑर नॉट सपोर्टेड, ऑर राँग पीएसरॅम लाइन मोड' असं वाक्य असतं. त्यातले 'लाइन मोड' हे शेवटचे शब्द महत्त्वाचे. लोक 'नॉट फाउंड'पाशीच थांबतात आणि चिप मेली असं ठरवून मोकळे होतात. हे वाक्य दिसलं की आधी ओपीआय आणि क्यूएसपीआय यांची अदलाबदल करून बघा.

कित्येकांना हे वाक्य दिसतच नाही. ज्या बोर्डांवर यूएसबीची दोन तोंडं आहेत, तिथे एक थेट चिपला जातं आणि दुसरं सिरियल कन्व्हर्टरमार्फत, त्यावर बहुधा 'यूआर्ट' छापलेलं असतं. सुरुवातीचे संदेश बघायचे तर केबल यूआर्टच्या तोंडाला लावा आणि 'टूल्स'मध्ये 'कोअर डीबग लेव्हल' वाढवा. मग रीसेट दाबा आणि पहिल्या दहा-पंधरा ओळी नीट वाचा. तिथेच बहुतेक उत्तर असतं.

आणखी एक सोपी खूण आहे. प्रोग्रॅम चढवताना आयडीईच्या खालच्या काळ्या चौकटीत चिपची माहिती येते, त्यात 'फीचर्स' अशी ओळ असते. आर८ मॉड्यूल असेल तर तिथे 'एम्बेडेड पीएसरॅम ८ एमबी' लिहून येतं. ही माहिती चिपमध्ये कायमची कोरलेली असते, तुमच्या सेटिंगशी तिचा संबंध नाही. तिथे ८ एमबी दिसतेय आणि प्रोग्रॅममध्ये शून्य येतंय, तर दोष सेटिंगचा. तिथेही काही नाही, तर मॉड्यूलच दुसरं आलंय. या मॉड्यूलांत पीएसरॅम एस३ चिपच्या आवरणाच्या आतच असते, त्यामुळे तिचं डाख सैल झालं असेल ही शंका मनातून काढून टाका. सोल्डरिंग गन घेऊन मॉड्यूलच्या कडा तापवल्याने फायदा शून्य आणि मॉड्यूल जाण्याचा धोका मोठा.

मग एकदा नीट केलेली सेटिंग परत का बिघडते? कारण ती तुमच्या स्केचच्या (अर्डुइनोत प्रोग्रॅमला स्केच म्हणतात) फाइलमध्ये साठत नाही, त्या संगणकावरच्या आयडीईत राहते. कॉलेजच्या लॅबमध्ये चालवलेलं स्केच पेन ड्राइव्हवर घालून कारखान्यातल्या लॅपटॉपवर उघडलं की पीएसरॅम पुन्हा 'डिसेबल्ड'. बोर्डाची यादी अपडेट केली किंवा मध्येच दुसरा बोर्ड निवडला, तरी हेच घडू शकतं. म्हणून स्केचच्या पहिल्या चार ओळींत कॉमेंट म्हणून मॉड्यूलचा नंबर, पीएसरॅमचा पर्याय, फ्लॅश मोड आणि पार्टिशन लिहून ठेवा. आयडीईऐवजी प्लॅटफॉर्मआयओ हे साधन वापरत असाल तर ही सेटिंग प्रकल्पाच्या फाइलमध्येच राहते. तिथे एन१६आर८ साठी मेमरी टाइप 'क्यूआयओ_ओपीआय' हवा, शिवाय बोर्डाला पीएसरॅम आहे हे सांगणारा बिल्ड फ्लॅगही द्यावा लागतो. मी तरी कारखान्यात कायमचा बसणार असलेल्या कामासाठी हाच मार्ग सुचवतो.

फ्लॅश मोडबद्दल एक सावधगिरी. पीएसरॅम ओपीआय आहे म्हणून फ्लॅशही ओपीआय करू नका. एन१६आर८ मधली फ्लॅश क्वाड आहे, तिला 'क्यूआयओ ८० मेगाहर्ट्झ' ठेवायचं. तिथे ओपीआय केलं तर बोर्ड सुरूच होणार नाही, नुसता रीसेट होत राहील.

सेटिंग बरोबर असूनही बोर्ड चालू झाल्या झाल्या अडकत असेल तर वायरी बघा. आर८ मॉड्यूलमध्ये जीपीआयओ (बाहेरच्या वायरी जोडायच्या पिना) ३५, ३६ आणि ३७ या पीएसरॅमच्या ताब्यात असतात. बोर्डाच्या कडेला त्या बाहेर काढलेल्या दिसतात, नंबरही छापलेला असतो, म्हणून माणूस बिनधास्त वापरतो. नेहमीची गोष्ट अशी की आधी साध्या एन८ वर सगळं बसवलं, पिक (आडव्या धाग्याची एकेक फेरी) मोजणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर ३६ वर, रिले ३७ वर, छान चाललं. मग कॅमेऱ्यासाठी आर८ आणला, वायरी जशाच्या तशा हलवल्या, आणि बोर्ड बंद. या तीन पिना मोकळ्या सोडा. जुन्या ईएसपी३२ च्या रोव्हर मॉड्यूलवर १६ आणि १७ बाबत हेच लागू आहे. तिथे अर्डुइनोच्या जुन्या आवृत्त्यांत दुसरा सिरियल पोर्ट मुळात याच पिनांवर असल्याने त्यावर आरएस-४८५ चं (लांबच्या सिरियल जोडणीचं) मॉड्यूल जोडलं की मेमरी गेलीच.

या सगळ्यात कॅमेऱ्यावर फार अन्याय होतो. पीएसरॅम सापडली नाही की कॅमेऱ्याचा ड्रायव्हर 'फ्रेम बफर मॅलॉक फेल्ड' म्हणतो आणि कॅमेरा सुरू होत नाही. लोक नवा कॅमेरा मागवतात. हे वाक्य जागा मिळाली नाही असं सांगतं, कॅमेऱ्याची त्यात काही चूक नाही.

मेमरी सापडते, पण वापरायला गेलं की बोर्ड कोसळतो

इथे थोडक्यात सांगतो, कारण हा भाग प्रोग्रॅम वाचला की उलगडतो. साधा ग्लोबल ॲरे आपोआप पीएसरॅममध्ये जात नाही. तिथली जागा 'पीएस मॅलॉक' हे फंक्शन वापरून मागावी लागते, आणि मिळालेला पॉइंटर (जागेचा पत्ता) नल, म्हणजे रिकामा, आहे का ते दर वेळी तपासावं लागतं. 'गुरू मेडिटेशन एरर', त्यात 'लोड प्रोहिबिटेड' किंवा 'स्टोअर प्रोहिबिटेड', आणि पत्त्याच्या जागी शून्यं किंवा शून्याजवळचा आकडा दिसला, तर जागा न मिळताच तुम्ही लिहायला गेला आहात. फंक्शनच्या आत मोठा ॲरे घेणं हीही तशीच चूक. अर्डुइनोच्या लूपला ८ केबीचाच स्टॅक (फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलांची जागा) असतो.

मागाच्या कामात एक खास अडचण येते, ती मात्र सविस्तर सांगायला हवी. पिक मोजायला इंटरप्ट (सेन्सरचा इशारा येताच चालू काम थांबवून धावणारा कोड) लावलेला असतो, आणि त्याच वेळी दिवसभराचा हिशेब फ्लॅशमध्ये लिहिला जात असतो. फ्लॅशवर लिहिताना चिप थोडा वेळ कॅशे (मधली छोटी, वेगवान मेमरी) बंद करते. पीएसरॅमचा रस्ताही त्याच कॅशेतून जातो. नेमक्या त्या क्षणी इंटरप्टने पीएसरॅममधल्या बफरला हात घातला तर 'कॅश डिसेबल्ड बट कॅश्ड मेमरी रीजन ॲक्सेस्ड' असं म्हणून बोर्ड रीसेट होतो. माग संथ चालला तर दिवसातून एखाद्या वेळी होईल, जोरात चालला तर तासातासाला. म्हणून इंटरप्टने बदलायचे आकडे आतल्या मेमरीतच ठेवा. पीएसरॅम मोठ्या, थोड्या निवांत गोष्टींसाठी आहे: चित्रं, नोंदींची रांग, जेकार्डच्या डिझाइनची फाइल. वेगातही ती आतल्या मेमरीच्या मागेच असते.

सकाळी ठीक, दुपारी बिघाड

सोलापूरला लागू होणारा आजार हाच, आणि याच्याविषयी सगळ्यात कमी बोललं जातं.

गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीच्या थंडीत, बोर्ड बसवला. फेब्रुवारीपर्यंत एकही तक्रार नाही. एप्रिल लागला आणि दुपारी बारा-एकनंतर चित्रात रंगीत रेघा, चुकीचे आकडे, मग रीसेट. संध्याकाळी पुन्हा सगळं सुरळीत. प्रोग्रॅम एका अक्षराने बदललेला नाही. अशा वेळी प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसण्यात अर्थ नाही.

ही चिप बनवणाऱ्या एस्प्रेसिफ कंपनीच्या डेटाशीटमध्ये ईएसपी३२-एस३-रूम-१ (WROOM-1) मॉड्यूलांचा तक्ता आहे. त्यात आर२ आणि पीएसरॅम नसलेल्या सर्वसाधारण मॉड्यूलांसाठी भोवतालच्या तापमानाची मर्यादा ८५ अंश सेल्सिअस दिली आहे, आणि ऑक्टल आर८ साठी ६५ अंश. एवढा फरक का, तर पीएसरॅम आतून डीरॅमच असते. प्रत्येक बिट एका इवल्याशा कपॅसिटरमधल्या चार्जवर टिकतो. तापमान वाढलं की तो चार्ज लवकर गळतो, आणि ताजा व्हायच्या आत गळाला तर १ चा ० होतो.

६५ अंश कुठे होतात, असं कोणी म्हणेल. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीतलं तापमान ४२-४३ वर जातं. पत्र्याच्या शेडमध्ये, मोटारी चालू असताना, त्याहून जास्त. सुताचे तंतू आत जाऊ नयेत म्हणून बोर्ड बंद प्लॅस्टिकच्या पेटीत, त्याच पेटीत पॉवर सप्लाय, आणि पेटी भिंतीला वरच्या बाजूला, पत्र्याजवळ. पेटीतली हवा बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी चढली की मर्यादा ओलांडलीच. डेटाशीटमधला आकडा मॉड्यूलच्या लगतच्या हवेचा आहे, खोलीतल्या थर्मामीटरचा नाही. तेव्हा पेटीच्या आत, मॉड्यूलजवळ, डीएस१८बी२० सारखा सेन्सर सोडा आणि दोन दिवस दर दहा मिनिटांनी नोंद घ्या. चिपच्या आतला तापमापक वापरू नका. तो चिपचं स्वतःचं तापमान दाखवतो, हवेचं नाही.

त्याच्या जोडीला मेमरीची चाचणी चालवा. इथे एक फसगत होते. अनेक जण पीएसरॅममध्ये हजारभर बाइट लिहून परत वाचतात आणि 'पास' म्हणतात. एस३ चा डेटा कॅशे ३२ किंवा ६४ केबीचा असतो. एवढ्याशा चाचणीत तुम्ही कॅशेतलंच लिहिलेलं वाचता, पीएसरॅमपर्यंत गोष्ट जातही नाही. खरी चाचणी करायची तर मिळेल तेवढी सगळी मेमरी एका दमात भरा, प्रत्येक जागी त्या जागेच्या पत्त्यावरून काढलेला आकडा लिहा, आणि पूर्ण भरून झाल्यावरच पहिल्यापासून वाचायला घ्या. मग सगळे बिट उलटे करून पुन्हा. हे पहाटेच्या पाळीपासून संध्याकाळपर्यंत चालू ठेवा आणि चुकलेल्या जागांची संख्या तापमानाशेजारी लिहा. पहाटेपासूनच चुका असतील तर वीजपुरवठा किंवा खराब मॉड्यूल. पेटी तापल्यावरच चुका सुरू होत असतील आणि थंड झाल्यावर थांबत असतील, तर कारण सापडलं.

वेगाची सेटिंगही इथे बघा. ऑक्टल पीएसरॅम ८० मेगाहर्ट्झवर चालवणं ही नेहमीची रीत. ईएसपी-आयडीएफ या एस्प्रेसिफच्या स्वतःच्या प्रोग्रॅमिंग साधनात प्रायोगिक म्हणून १२० मेगाहर्ट्झचाही पर्याय आहे, आणि वेग वाढतो म्हणून काही जण तो घेतात. एस्प्रेसिफचीच सूचना आहे की त्या वेगावर, चालू करताना जे तापमान होतं त्यापेक्षा ते साधारण २० अंशांनी वर किंवा खाली गेलं, तर मेमरी वाचता-लिहिताना बोर्ड केव्हाही कोसळू शकतो. पहाटे २४ अंशांवर चालू केलेला बोर्ड आपल्या दुपारी या सीमेच्या कितीतरी पुढे जातो. सोलापुरात १२० वापरू नका, एवढं मी ठामपणे सांगतो.

उपाय करताना आधी पेटी. पॉवर सप्लाय वेगळ्या डब्यात काढा, पेटी पत्र्यापासून खाली आणा, खालून-वरून बारीक जाळी लावलेल्या झरोक्यांतून हवा खेळू द्या आणि ती जाळी दर आठवड्याला झाडा. सुताच्या तंतूंनी जाळी बुजली की पेटी पुन्हा बंदच झाली म्हणून समजा.

एवढ्यानेही पेटी ६५ च्या खाली राहत नसेल तर ईसीसी, म्हणजे मेमरीतली बिटांची चूक ओळखून दुरुस्त करणारी सोय, चालू करा. आर८ मॉड्यूलवर पीएसरॅमची ईसीसी सुविधा चालू केली की तापमानाची मर्यादा ८५ अंशांपर्यंत जाते. बदल्यात मेमरीचा सोळावा हिस्सा त्या कामाला जातो, म्हणजे ८ एमबीतले साडेसात एमबी हातात राहतात. कॅमेऱ्याच्या कामाला ते भरपूर आहेत. हा पर्याय ईएसपी-आयडीएफच्या मेन्यूकॉन्फिगमध्ये पीएसरॅमच्या सेटिंगखाली असतो. अर्डुइनोच्या नेहमीच्या तयार लायब्ररीत तो असा मेन्यूतून बदलता येत नाही. त्यासाठी प्रकल्प आयडीएफमध्ये न्यावा लागतो आणि अर्डुइनोचा कोड त्यात कंपोनंट म्हणून घेता येतो. एकदाचं काम आहे, पण उन्हाळा सुरू व्हायच्या आत करून ठेवावं.

काम २ एमबीत भागत असेल तर मी सरळ आर२ चं मॉड्यूल घ्यायला सांगतो. ६०० केबीची दोन-तीन चित्रं त्यात मावतात, आणि ८५ अंशांची मर्यादा वेगळं काही न करता मिळते. दुकानात ८ एमबीचा बोर्ड समोर ठेवला जातो आणि मोठा आकडा बघून तोच घेतला जातो. पत्र्याखाली चालवायचा असेल तर लहान मेमरीचा बोर्ड जास्त भरवशाचा.

राहता राहिला वीजपुरवठा. वायफाय पाठवत असताना एस३ क्षणभर ३४० मिलिअँपिअरपर्यंत करंट ओढते, म्हणून ३.३ व्होल्टचा पुरवठा निदान ५०० मिलिअँपिअर देणारा हवा. बारीक, लांब यूएसबी केबलवर व्होल्टेज पडतं. त्याच लाइनवर मागाची मोटार सुरू झाली की आणखी पडतं, आणि तेव्हा लॉगमध्ये 'ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड' येतं. हे वाक्य दिसलं तर मेमरीकडे बघूच नका, आधी सप्लाय आणि केबल बदला. हा बिघाड उन्हाशी बांधलेला नसतो, माग सुरू होण्याच्या वेळेशी असतो. म्हणून नोंदवहीत तापमानाच्या शेजारी माग केव्हा सुरू-बंद झाले तेही लिहून ठेवा.